पाचवं भांडं

पोर्ट सेल्बीच्या आरोग्य मंडळाची कचेरी मासळीबाजाराच्या माडीवर होती. दुपारी दोनला खालचा बाजार धुवून काढत. तो ओला, खारट वास जिन्यानं वर येई आणि मी इन्स्पेक्टरांच्या चिठ्ठ्या रजिस्टरात उतरवत बसे. किंग्स्टनच्या कॉलेजातून मी शिक्षिका होऊन आले होते, पण बाळंतपणानंतर शाळेनं माझी जागा दुसरीला दिली, आणि मंडळाला चांगल्या अक्षराची कारकून हवी होती. माझा नवरा लॅसल्स त्याच वर्षी, एकोणीसशे पंचावन्नच्या मार्चात, बोटीनं इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत लागला. जमैकातल्या निम्म्या घरांची तेव्हा हीच गोष्ट होती. घरात उरलो मी आणि आमची ऑल्थिया. ती पाच महिन्यांची होती.

किनाऱ्यावर तापाची साथ येऊन गेल्यापासून मंडळाचा इन्स्पेक्टर दर आठवड्याला प्रत्येक घरात जाई, पाण्याच्या प्रत्येक भांड्यात लांब दांड्याची पळी बुडवून डासांच्या अळ्या बघे आणि दर घराची एक चिठ्ठी भरे. चिठ्ठीवर पाच रकाने. वेळ. पाण्याची भांडी किती. अळ्या किती भांड्यांत. दोन वर्षांखालची मुलं किती. आणि त्या वेळी मुलाजवळ कोण. हा शेवटचा रकाना मंडळाच्या नर्स टल्लकनं भांडून घालून घेतला होता. बाजाराला जाताना कोणत्या आया तान्ही पोरं एकटी टाकतात ते तिला हवं होतं. बहुतेक चिठ्ठ्यांवर तिथं 'आई' असे, क्वचित 'आजी'. शुक्रवारी दोनशे चिठ्ठ्या उतरवताना हात आपोआप चाले.

त्या शुक्रवारीही तो चालला. 'टॅमरिंड लेन, घर अकरा. मंगळवार, दहा वाजून वीस. भांडी पाच. अळ्या एकात. मूल एक. जवळ: आई.' मी लिहिलं, टीपकागद दाबला, पुढची दोन घरंही उतरवली. मग हात थांबला.

टॅमरिंड लेन अकरा हे माझं घर.

माझ्या घरात पाण्याची चार भांडी होती. पन्हाळीखालचं पिंप, ज्यात मंडळानंच दिलेले टिकी-टिकी मासे अळ्या खात फिरत. स्वयंपाकघरातली बादली. उकळलेल्या पाण्याची सुरई. लंगोट भिजवायचा टब. ऑल्थिया झाल्यापासून मी घरातलं सगळं मोजत असे. तिचे श्वास, तिच्या दुधाचे औंस, खिडकीच्या जाळीची भोकं. भांड्यांत माझी चूक होणं शक्य नव्हतं. आणि मंगळवारी दहा वाजून वीस मिनिटांनी मी याच खुर्चीत बसून मंडळाच्या सभेचं इतिवृत्त लिहीत होते.

रजिस्टरात शाईनं लिहिलेलं खोडायची परवानगी नव्हती. इन्स्पेक्टरनं स्वतः दुरुस्तीची चिठ्ठी द्यायची आणि ती त्या ओळीवर डकवायची, असा नियम होता. मी आमच्या गल्लीच्या इन्स्पेक्टरची, मिस्टर पिनॉकांची वाट बघितली.

पिनॉक साठीला आले होते. खाकी कपडे, उन्हाची टोपी, सायकलच्या दांडीला बांधलेली पळी. रविवारी चर्चमध्ये डीकन म्हणून पहिल्या बाकावर. त्यांची चिठ्ठी चुकली असं कुणी ऐकलं नव्हतं.

"मिस्टर पिनॉक, माझ्या घरात चार भांडी आहेत," मी म्हणाले.

"पाच, बाई."

"चार. रोज मीच भरते."

"पलंगामागचा रांजण तुम्ही भरत नसाल." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "जुना स्पॅनिश रांजण. माझ्या कमरेएवढा. पळी घातली तर कोपरापर्यंत हात आत जातो. गावात असे तीन-चारच उरलेत आता. चांगली वस्तू आहे, फक्त झाकून ठेवा."

"माझ्या पलंगामागे भिंत आहे."

"भिंतीच्या अलीकडे रांजण आहे."

भांडण्यासारखं त्यांच्या आवाजात काही नव्हतं. मी विचारलं, "आणि बाळाजवळ कोण होतं?"

"तुम्ही," ते म्हणाले, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे, आई होती. पाजत होती. मी पाठ फिरवून उभा राहिलो, बाई. माणूस कामासाठी घरात शिरला तरी त्याला रीत असते."

"तुम्ही तिचं तोंड बघितलं नाही?"

"तीस वर्षं या गावात फिरतोय. मी तोंडं बघत नाही, पाणी बघतो. म्हणून तर बायका दार उघडतात मला." त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. "त्यातल्याच आहेत. जरा वेगळ्या वाटल्या, म्हणून आणल्या."

बाटलीत सहा-सात अळ्या होत्या, नेहमीपेक्षा फिकट. वर येत होत्या, खाली जात होत्या.

घरी गेल्यावर मी पलंग ओढला. मागे भिंत होती. फळ्या होत्या, कोरड्या.

दिवसा ऑल्थियाला समोरच्या घरातली मिस इसिल्डा आमच्याकडे येऊन सांभाळत असे. सहा मुलं वाढवलेली बाई, तिला शिकवणारी मी कोण. तरी मी विचारलं, "मंगळवारी दहाला तुम्ही कुठं होता?"

"नळावर. लंगोट काय समुद्रात धुऊ?"

"बाळाला एकटं टाकून?"

"अगं पोरी, झोपलेलं बाळ कुठं पळून जातंय? आणि त्या वेळी अख्ख्या गल्लीची पोरं रडतात. नळावर ऐकू येतं मला, हे अमकीचं, हे तमकीचं. तुझं कधी ऐकलं नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. आता गप्प पोराला उठवून विचारू का, का गं बाई गप्प?" तिनं पदरासारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल काढून झटकला. "तुम्हा कॉलेजवाल्यांचं असंच. आपल्या घरात किती भांडी ते घरात बघायचं सोडून कागदात बघायचं."

तिला राग आला होता की आणखी काही, ते मला कळलं नाही. मात्र रांजणाबद्दल सांगितल्यावर तिनं झोपायच्या खोलीकडे बघितलं नाही. त्यानंतरही ती ऑल्थियाला स्वयंपाकघरातच घेऊन बसे, आणि दहा वाजले की पाळण्यात ठेवून नळावर जाई. एकही दिवस चुकली नाही.

दुसऱ्या आठवड्याची चिठ्ठी: भांडी पाच, अळ्या एकात, जवळ: आई. तिसऱ्या आठवड्याचीही तीच. दोन्ही मी उतरवल्या. नियम होता.

याच दिवसांत ऑल्थिया माझ्याकडे पिईनाशी झाली. सकाळी कामावर जाण्यापूर्वी आणि आल्यावर मी तिला अंगावर घेत असे. आता ती तोंड फिरवी. रडत नसे, रुसत नसे. जेवून आलेला पाहुणा ताट सरकवतो तसं करी. मिस इसिल्डाकडे ठेवलेली दुधाची बाटलीही संध्याकाळी भरलेलीच सापडे. मी कपाळाला हात लावून ताप बघे. ताप नव्हता. तिच्या तोंडाला दुधाचा वास येई, आणि त्यामागे ओल्या मातीचा.

बुधवारी मंडळाच्या दवाखान्यात तान्ह्या मुलांची वजनं होत. बाकावर पंधरा-वीस आया, काट्याच्या पितळी ताटलीत उघडी पोरं. नर्स टल्लकनं ऑल्थियाला ठेवलं आणि चष्मा वर केला.

"एका आठवड्यात चौदा औंस. मिसेस डेकर्स, काय घालता हो हिला? सांगा या बायकांना जरा."

"कचेरीतली शाई पाजते ती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बाकभर हसू पसरलं.

"शाईनं काळी झाली असती."

"मग आहे ना!"

मीही हसले. ती माझ्याकडे पीत नाही, हे मी नर्सला सांगितलं नाही. माझ्या कार्डावरची रेघ सगळ्यांत चांगली होती. चांगल्या रेघेबद्दल तक्रार कशी करायची? आणि खरं सांगते, मी दमले होते. मूल गुटगुटीत आहे, रात्रभर झोपतं, यापुढचं काही मला विचारायचं नव्हतं.

पण माझं दूध आटत चाललं होतं.

टेबलावरच्या बाटलीतल्या अळ्यांचे आठ-नऊ दिवसांत डास व्हायला हवे होते. चौदाव्या दिवशी त्या तशाच होत्या. बाटलीला बूच नव्हतं, वर पंखा फिरे, तरी पाणी काचेवरच्या माझ्या पेन्सिलीच्या खुणेपासून हललं नव्हतं. पंधराव्या दिवशी मी ती बाटली मासळीबाजाराच्या गटारात ओतली.

मग मी आठवड्याची रजा काढली. मिस इसिल्डाला येऊ नका म्हटलं. सोमवारपासून ऑल्थियाला एक मिनिट खाली ठेवलं नाही. मंगळवारी दहा वीसला पिनॉक आले. पिंप, बादली, सुरई, टब. मग पळी घेऊन झोपायच्या खोलीत शिरले आणि पलंगापाशी थांबले.

"इथं होता," ते म्हणाले.

ते गुडघ्यावर बसले, म्हाताऱ्या माणसासारखे, एक हात पलंगाला धरून. तळवा फळ्यांवर ठेवला. मग माझा हात धरला आणि तिथंच ठेवला. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं छप्पर, घरातली प्रत्येक फळी तापलेली. तेवढा एक गोल विहिरीच्या कठड्यासारखा गार होता.

"तीस वर्षांत मी चुकलो नाही," ते म्हणाले. स्वतःशीच बोलल्यासारखे.

"आज चार आहेत ना?"

"आज चार आहेत."

"मग तसं लिहून द्या. मागच्या तिन्ही आठवड्यांचं."

त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून तीन दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लिहिल्या. पेन्सिल पुन्हा पुन्हा थांबत होती. 'भांडी चार.' शेवटच्या रकान्याला आल्यावर त्यांनी विचारलं, "जवळ कोण लिहू?"

"मी कचेरीत होते. मिस इसिल्डा नळावर. कुणी नव्हतं."

"तसं लिहिलं तर नर्स तुम्हाला बोलेल."

"बोलू दे."

'जवळ: कुणी नाही.' त्यांनी खाली सही केली. त्याच दुपारी मी ऑल्थियाला कडेवर घेऊन कचेरीत गेले आणि तिन्ही चिठ्ठ्या रजिस्टरात डकवल्या. खळ वाळेपर्यंत तळवा दाबून धरला.

त्या संध्याकाळी ऑल्थिया रडायला लागली.

मी अंगावर घेतलं. तिनं तोंड फिरवलं. बाटली दिली, चमचा दिला, मक्याची पातळ पेज दिली. ओठांवरून सगळं खाली ओघळलं. भुकेचं रडणं आईला कळतं. ती भुकेली होती आणि पीत नव्हती. रडताना माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

बुधवार. दहा औंस कमी. नर्स म्हणाली, दात येत असतील.

रजा वाढवून शनिवारी मी तिला घेऊन डोंगरात ग्वेन मावशीकडे गेले. समुद्रापासून वीस मैल, थंड हवा, घरी शेळी. घर सोडलं की सुटेल, असं मला वाटलं होतं. मावशीनं शेळीचं दूध दिलं, नारळाचं पाणी दिलं, कडू पाल्याचा काढा करून तिच्या हिरड्यांना लावला. चार थेंब पोटात जात, बाकी ओघळे.

"हिला कुणाचा लळा लागलाय का गं?" मावशीनं विचारलं.

"माझा," मी म्हणाले.

मावशी काढा ढवळत राहिली.

गुरुवारी टाळू खोल गेली. तिथल्या डॉक्टरनं ऑल्थियाला पालथं-उताणं करून बघितलं, कार्डावरची रेघ बघितली, चढलेली आणि मग पडलेली. आजार काही दिसत नाही, म्हणाला. नळीनं दूध घातलं तर उलटून टाकतेय.

"आतापर्यंत हिला कोण पाजत होतं?"

मी तिचं झबलं सारखं केलं.

"अशी मुलं असतात. ज्या हाताची सवय आहे तो हात हवा. त्या बाईंना बोलावून घ्या. लवकर. तुमच्या जागी दोन दिवसांपेक्षा जास्त मी थांबणार नाही."

"मीच तिची आई आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग ऑल्थियाकडे. ती माझ्या मांडीवर होती आणि दाराकडे बघत होती.

सकाळच्या पहिल्या बसनं मी खाली उतरले. सारा वेळ ती रडली नाही. रडायला ओलावा लागतो.

घरी न जाता मी आधी कचेरीत गेले. आठ वाजायचे होते, कुणी आलं नव्हतं. एका हातात ऑल्थिया, दुसऱ्या हाताचं बोट जिभेवर ओलं करून मी पहिल्या दुरुस्तीच्या चिठ्ठीची कड उचलली. खळ धरून होती. मी हळूहळू ओलं करत गेले. पहिली निघाली, दुसरी निघाली. तिसरी फाटली, तिचे तुकडे नखानं काढले.

खाली माझीच अक्षरं होती. 'जवळ: आई.' जराही फिकी झाली नव्हती.

चिठ्ठ्या मी गिळल्या नाहीत की जाळल्या नाहीत. कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. एवढंच काम होतं.

मग घरी आले. मिस इसिल्डा दारात उभी होती. ऑल्थियाला बघून तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"आण इकडे, पोरी."

"नको. आज तुमचं काम नाही. उद्याही नाही."

"मग तिच्याजवळ कोण?"

मी तिच्या बाजूनं आत शिरले. खांद्यावरचा टॉवेल घट्ट धरून ती रस्ता ओलांडून गेली आणि तिनं तिकडच्या खिडक्या लावून घेतल्या.

झोपायच्या खोलीत मी पाळणा पलंगाजवळ सरकवला. ऑल्थियाला ठेवलं. तिचे ओठ फुटले होते. मी काहीतरी म्हणणार होते, त्या खोलीला उद्देशून. कॉलेजात शिकलेल्या बाईला काय म्हणायचं ते सुचलं नाही. "बारा पौंड आठ औंस आहे ती," मी म्हणाले.

दार ओढून घेतलं आणि कामावर गेले.

त्या दिवशी मी एकशे शहाण्णव चिठ्ठ्या उतरवल्या. एकही चूक केली नाही.

साडेचारला परत आले. ऑल्थिया झोपली होती. ओठ ओले. गालावर दुधाचा ओघळ, अजून न वाळलेला. कुणीतरी तिचं झबलं बदललं होतं.

बुधवारी अकरा औंस वाढले. पुढच्या बुधवारी तेरा.

पिनॉक अजून येतात. चिठ्ठीवर पाच लिहितात आणि अळ्यांच्या रकान्यात शून्य. रांजणाला झाकण आलंय, एवढंच एकदा म्हणाले. माझ्या टेबलाशी ते टोपी काढत नाहीत, आणि बसतही नाहीत.

लॅसल्सनं दोघींची बोटीची तिकिटं पाठवली. मी लिहिलं, ऑल्थियाची प्रकृती उत्तम आहे, सोबत वजनाचं कार्ड. इंग्लंडची थंडी तिला सोसेल असं वाटत नाही. एवढ्यात नको.

ती आता बसते. टाळ्या वाजवते. संध्याकाळी घराजवळ आले की तिचं हसणं गल्लीपर्यंत ऐकू येतं.

मी दारावर टकटक करते.

सुरुवातीला दहापर्यंत मोजून आत जात असे. आता शंभरपर्यंत मोजते, कधी त्याहून जास्त. आतलं हसणं थांबलं, की मला आत जाता येतं.